धुऱ्यावरचा पाहुणा

बबनरावांनी ब्लू-रे प्लेअर घेतला तो सिनेमे बघायला नाही, सख्ख्या भावाला खोटं पाडायला.

महागावात परवेजचं टीव्ही-मोबाईलचं दुकान आहे. काउंटरखाली धूळ खात पडलेला तो चपटा काळा डबा त्यानं फडक्यानं पुसून वर ठेवला आणि खरं तेच सांगितलं. "काका, सिनेमे पाह्यचे असन तं मोबाईल हाये ना तुमच्याजवळ. हे आता कोणी घेत नाही. याच्यात वाय-फाय नाही, थ्रीडी नाही. सगळ्यात सस्त्यातला मॉडेल हाये."

"मले सिनेमे नाही पाह्यचे. निकिताच्या लग्नाची डीव्हीडी पाह्यची हाये. जुन्या प्लेअरवर पुसट दिसते. तुह्याच बापानं शूटिंग केलतं."

परवेजचा चेहरा उतरला. त्याच्या अब्बांच्या, म्हणजे मोहिउद्दीनच्या, शूटिंगला कोणी पुसट म्हटलेलं त्याला खपत नसे. तो लगेच डब्याची तारीफ करायला लागला. "मंग हाच घेऊन जा. साधी डीव्हीडी टाका, हा तिले मोठ्या टीव्हीवर साफ करून दाखवते. झूम हाये. चित्र थांबवून थोडं-थोडं पुढं सरकवता येते. आन् एक चांगलं हाये, जिथं बंद कराल तिथूनच परत सुरू होते. डिस्क काढून कपाटात ठेवली तरी त्याच्या ध्यानात राह्यते."

"ध्यानात मायाबी हाये सगळं," बबनराव म्हणाले. "मले फक्त झूम पाह्यजे."

फुलसावंगीच्या शिवारात बबनराव आणि धाकटा भाऊ गुणवंत यांची वावरं एकाला एक लागून आहेत. मध्ये धुरा, म्हणजे बांध, धुऱ्यावर वडिलांनी रोवलेला दगड आणि दगडाजवळ विहीर. आमच्याकडं माणूस एकवेळ सोयऱ्याचं तोंड विसरेल, पण धुरा विसरणार नाही. वडील होते तोवर पेरणीआधी दोघं भाऊ मिळून त्या दगडाला शेंदूर लावायचे, नारळ फोडायचे, आणि मगच तिफण वावरात जायची. दगड कसला, देवच होता तो, फक्त त्याला नाव नव्हतं.

मग निकिताचं लग्न निघालं. तूर निघाल्यावर वावर मोकळं होतं म्हणून मांडव तिथंच पडला. आचाऱ्यानं वरणाच्या डेगेसाठी तीन दगडांची चूल मांडली. दोन दगड मिळाले, तिसरा जोडीचा मिळेना. वऱ्हाड फाट्यापर्यंत आलेलं. बबनरावांचं डोकं तेव्हाही आजच्यासारखंच तापट. ते म्हणाले, धुऱ्यावरचा घ्या, संध्याकाळी ठेवू परत. त्यांची बायको मैनाबाई नको-नको म्हणत होती. लग्नघरात बाईचं कोण ऐकतं! दगड उपटला, चुलीला लावला, दिवसभर त्यावर वरण शिजलं. पाठवणी झाल्यावर गुणवंतानं तो अंदाजानं परत रोवला.

तो अंदाज बबनरावांना कधीच पटला नाही. त्यांचं म्हणणं, गुणवंतानं दगड आमच्याकडं सरकवून विहीर घशात घातली. गुणवंताचं म्हणणं, होता तिथंच आहे. तेव्हापासून दगडाला शेंदूर नाही की नारळ नाही. जो नारळ फोडेल त्यानं दगडाची जागा कबूल केली, असा अर्थ निघाला असता. दोघंही इतके शहाणे की देवाला उपाशी ठेवला पण कबुली दिली नाही. इतकी वर्षं विहिरीवर दोघांच्याही मोटारी होत्या. यंदा मात्र गुणवंतानं बबनरावांचा पाईप काढून फेकला आणि हरभरा डोळ्यांदेखत सुकायला लागला. पंच बसायचे ठरले.

पंचांना दाखवायला बबनरावांकडं एकच पुरावा होता. लग्नाच्या डीव्हीडीत मोहिउद्दीननं ट्रॉलीवर चढून सगळ्या मांडवाचं शूटिंग घेतलं होतं. त्यात मागं विहीर दिसायची, आणि विहिरीच्या पलीकडं, गुणवंताच्या बाजूला, एक काळा ठिपका. बबनराव म्हणायचे तोच दगड.

परवेजनं दुपारी येऊन डबा टीव्हीला जोडून दिला. जावयानं दिवाळीत घेतलेला टीव्ही भिंतभर मोठा. डिस्क आत गेली, बारीक घरघर झाली, आणि बारा-तेरा वर्षांपूर्वीचा मांडव असा लख्ख उभा राहिला की मैनाबाई हातातली तूर तशीच धरून दारात आली. मेलेली माणसं पंगतीत जेवत होती. मांडवाच्या झालरी मोजता येत होत्या.

"थांबव, थांबव. आता झूम कर."

विहीर मोठी झाली. ठिपका मोठा झाला.

तो दगड नव्हता. माणूस होता. मांडवाकडं पाठ करून उकिडवा बसलेला, काळ्या कपड्यात.

"हात् तिच्या," परवेज म्हणाला.

"दगड तं तवा चुलीखाली होता," मैनाबाई हळूच बोलली. "मंग तिथं कुठून दिसन?"

हे इतक्या वर्षांत बबनरावांना सुचलं नव्हतं, म्हणून त्यांना बायकोचा राग आला. दुसरा राग आला तो त्या माणसाचा. लग्नाच्या दिवशी काळे कपडे घालून कोण येतं? गुणवंताच्या सासरचाच असणार एखादा, आपल्या पोरीचं वाईट चिंतायला आलेला. ते दात खात बसले.

परवेज गेल्यावर त्यांनी एकट्यानं परत बघितलं. रिमोट हातात बसायला लागला होता. त्यांनी पाठीवर झूम केलं, आणखी केलं. त्या काळ्याला कॉलर नव्हती. शिवण नव्हती, बाही कुठं सुरू होते तेही दिसत नव्हतं. काळ्याला बारीक तडे होते, आणि तड्यांच्या आतून लाल काहीतरी दिसत होतं, जुन्या शेंदरासारखं.

त्यांनी झूम कमी केलं. स्वस्तातला मॉडेल, तो काय दाखवणार, असं म्हणून टीव्ही बंद केला. पण एक गोष्ट त्यांच्या मनात पक्की झाली. माणूस कोणी का असेना, तो विहिरीच्या पलीकडं बसला होता, आणि ते आपल्या फायद्याचं होतं.

पंच रविवारी सकाळी आले. तांड्यावरचे म्हातारे सेवादास, आणखी दोघं, आणि दाराशी चपलेजवळच बसलेला गुणवंत. भावाच्या घरचा चहा त्यानं घेतला नाही. कपावर माशी बसली तरी कोणी तिला हाकललं नाही.

बबनरावांनी डबा सुरू केला. चित्र थेट त्या माणसावर आलं. सगळ्यांनी बघितलं.

"कोण हाये हा?" सेवादासांनी विचारलं.

कोणी ओळखेना. सेवादास टीव्हीजवळ गेले, वाकले, आणि चष्मा काढून मागं आले. "बबनभाऊ, बंद करा हे. दुसरं काही असन तं दाखवा."

"काहून बंद करू? लोकं बसाले धुराच पाह्यतात. उभ्या पिकात बसते का कोणी?" बबनरावांनी मांडीवर थाप मारली. "पाच माणसांत सांगतो. हा कोणी का असंना, जिथं हा बसला तिथं धुरा. आपल्याले मंजूर."

"असं बोलू नका," सेवादास म्हणाले.

"बोललो. आता याले इचारा."

गुणवंत इतका वेळ टीव्हीकडं बघत होता. त्याचा चेहरा असा झाला होता की बबनरावांना वाटलं, सापडला चोर. पण तो भांडला नाही. उठला, चपला पायात घातल्या.

"मलेबी मंजूर, दादा. जिथं थो बसला, तिथं धुरा. विहीर तुही." दारात तो थांबला. "थो दगड मी नेलता ना परत. आचाऱ्यानं दोन घागरी पाणी ओतलं तरी गरमच. हातात धरवे ना. गोणपाटात गुंडाळून नेला अन् अंधारात रोवला. कुठं रोवला, मलेबी धड ठाऊक नाही. सकायी पाह्यलं तं गोणपाट जळेल होतं."

"मंग इतके वर्ष भांडला कायले?"

"तू भांडत होता म्हणून."

बबनराव जिंकले होते. त्याच दुपारी सब्बल घेऊन ते वावरात गेले आणि दगड उपटून विहिरीच्या पलीकडं रोवला. दगडाची मातीत गाडलेली बाजू काळी होती, आणि पूर्वी वाटायचा त्यापेक्षा तो जड वाटला. गुणवंताचा पाईप त्यांनी गुंडाळून त्याच्या बाजूला फेकला. मोटार सुरू केली. पाणी कोमट आलं, पण थंडीत विहिरीचं पाणी कोमट असतंच.

संध्याकाळी जिंकल्याच्या आनंदात त्यांनी डीव्हीडी परत लावली. आता तिचं काही काम नव्हतं. पण जिंकलेला माणूस आपला फोटो दोनदा बघतोच.

चित्र बंद केलं होतं तसं सुरू झालं नाही. मांडव तोच, पंगत तीच, विहीर तीच. माणूस विहिरीच्या अलीकडं होता. बबनरावांच्या तुरीच्या धसकटांत, तसाच पाठ करून.

त्यांनी परवेजला फोन लावला.

"जिथं बंद केलं तिथूनच सुरू होते, काका. त्याले जास्त काही येतच नाही." मग परवेज म्हणाला, "अब्बाले इचारलं मी त्या माणसाचं. थे म्हणते, लग्नात काळे कपडे घालून कोणीच नव्हतं आलं. अब्बाच्या कॅमेऱ्यातून माणूस सुटत नाही."

सकाळी दगड तुरीत होता. धुऱ्यापासून चांगला आत, अगदी रोवल्यासारखा. त्याच्या पलीकडचा हरभरा पिवळा पडून माना टाकायला लागला होता. हरभऱ्यावर मर नावाचा रोग येतो, हे बबनरावांना ठाऊक होतं. मर अशी एका सरळ रेषेत येत नाही, हेही ठाऊक होतं. ते काठी घेऊन गुणवंताच्या दारात गेले आणि गल्ली गोळा होईपर्यंत आई-बहिणीचा उद्धार केला.

गुणवंत ओसरीवरून उठला नाही. "मी कायले हात लावू त्याले? विहिरीवरबी नाही गेलो मी. तिकडं आता मायं काही नाही." मग अगदी थंडपणे म्हणाला, "तुहंबी नाही. पंचात कोण म्हटलं होतं?"

बबनरावांनी गडी लावून दगड परत पलीकडं नेला. दुसऱ्या दिवशी तो गाडीवाटेवर होता. गडी म्हणाले, आता दुसरं कोणी पाहा. ज्या गड्यानं तो खांद्यावर घेतला होता त्याच्या खांद्याची कातडी सोलून निघाली होती. पलीकडं सगळं शेत, तूर, पऱ्हाटी, हरभरा, शेकल्यासारखं करपलं होतं.

आता कोणीही शहाणा माणूस तो डबा परवेजच्या तोंडावर फेकून आला असता. मैनाबाई तेच सांगत होती. पण बबनरावांना रोज एकच कळायला हवं होतं: किती उरलं? आणि ते फक्त त्या डब्याला ठाऊक होतं. दिवेलागणीला ते शाल पांघरून खुर्चीत बसायचे, रिमोट दाबायचे, आणि डबा ध्यानात ठेवलेलं पुढं दाखवायचा.

माणूस गाडीवाटेवर बसला. माणूस गावच्या नाल्यापाशी बसला.

वावर गेलं होतं.

मग फिल्ममध्ये पाठवणी आली. ती घरून झाली होती. निकिता रडत होती, बाया रडत होत्या, बबनराव स्वतः फेट्यात उभे होते, तरुण, डोळे पुसत. आणि बायांच्या लुगड्यांच्या मधून, घराच्या उंबऱ्यावर, ती काळी पाठ दिसली.

या वेळी ती घराकडं नव्हती. पाठ रस्त्याकडं होती. तो आत बघत बसला होता.

सकाळी मैनाबाई सडा टाकायला गेली ती अर्धी बादली तशीच ठेवून परत आली. दगड उंबऱ्याला टेकून उभा होता. सड्याचं पाणी त्याच्याभोवती केव्हाच वाळलं होतं.

तिनं चार लुगडी पिशवीत भरली. निकिताकडं, पांढरकवड्याला, जायची गाडी दुपारी होती. गॅसचा कॉक बंद केला, देवाला हात जोडले, आणि मागच्या दारानं निघताना नवऱ्यापुढं उभी राहिली.

"चाला माह्यासंग."

"घर सोडू?"

"माणूस राह्यला तं घर होत राह्यते. त्याले शेंदूर लावा, पाय धरा त्याचे. नाही तं चाला."

"शेंदूर लावला तं उंबऱ्यावर त्याची जागा कबूल केल्यासारखं होते," बबनराव म्हणाले. "अन् आपण उठलो का ताबा गेला. इतकं नाही समजत तुले?"

मैनाबाईनं त्यांच्याकडं बघितलं. तिच्या नजरेत राग होता की कीव होती, हे त्यांना ओळखता आलं नाही. बरीच वर्षं त्यांनी त्या नजरेकडं नीट बघितलंच नव्हतं. ती गेली.

बबनराव दिवसभर खुर्चीतून हलले नाहीत. शेजारच्या बाया दारासमोरून जाताना पदर तोंडाशी धरत होत्या. पुढचं दार उघडंच होतं. ते लावायचं तर दगडापाशी जावं लागलं असतं.

सूर्य बुडाला. गारठा पडला. त्यांनी शाल घट्ट ओढली आणि रिमोट दाबला.

डब्यात घरघर झाली.

हीच खोली. तेव्हाची. मोहिउद्दीननं आंदणाचं शूटिंग घेतलं होतं, पोरीला काय-काय दिलं ते सोयऱ्यांना दिसावं म्हणून. कपाट, कूलर, दिवाण, पितळी भांड्यांची उतरंड. कॅमेरा एकेका वस्तूवरून सावकाश फिरत होता.

बबनरावांनी चित्र थांबवलं. कपाटाच्या बाजूला झूम केलं.

नव्हता.

कूलरच्या मागं. दिवाणाखाली. भांड्यांच्या आडोशाला. कोपरान् कोपरा त्यांनी मोठा करून बघितला.

कुठंच नव्हता.

उंबऱ्याचं चित्र मागं जाऊन शोधलं. उंबराही रिकामा होता.

बबनराव हसले. मोठ्यानं हसले. थांबला शेवटी उंबऱ्यावर. वावर गेलं तर गेलं, घर राहिलं. उद्या पंच बोलावू, परत बोलू, गुणवंतालाही बोलावू. त्यांना खरोखर हलकं वाटलं, इतकं की भूकसुद्धा लागली.

मग त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला बराच वेळ थंडी वाजत नाही.

शाल केव्हाच खाली पडली होती.

पाठीला ऊब लागत होती. चुलीकडं पाठ करून बसल्यावर लागते तशी, चांगली, दाट. करपलेल्या वरणाचा बारीक वास येत होता.

घरात चूल नव्हती. ती मोडून गॅस घेतल्याला आठ वर्षं झाली होती, आणि गॅसचा कॉक मैनाबाई बंद करून गेली होती.

खुर्चीच्या पाठीचं प्लॅस्टिक मऊ पडायला लागलं.

बबनराव उठले नाहीत. उठले असते तर खुर्चीचाही ताबा गेला असता.